भरतकामातल्या प्राण्याभोवती तपकिरी कडं धुतल्यावर परत परत येतंय? आधी वाळवण्याची पद्धत बदला

जुनी भरतकामाची कापडं जमवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. पिवळट पडलेलं ट्रे कव्हर किंवा उशीचा अभ्रा हाती लागतो, वर सुरेख ससा नाहीतर मांजराची पिल्लं भरलेली असतात, आपण हौसेने धुतो, ओलं असताना इतकं स्वच्छ दिसतं की वाटतं झालं काम, आणि वाळल्यावर बघावं तर बरोब्बर प्राण्याच्या भोवती तपकिरी कडं, जणू कुणी ब्रशने आउटलाइन काढून ठेवलीय. परत धुवा, परत तेच. तिसऱ्या वेळी माणूस वैतागून ब्लीचची बाटली उचलतो आणि तिथे कापडाची वाट लागते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे एक टेबल रनर आहे, लिननचा, त्यावर बदकीण आणि तिच्यामागे पाच पिल्लं एका ओळीत चाललीयेत. बदकांची पोटं सॅटिन स्टिचने, म्हणजे एकमेकांना चिकटून घातलेल्या समांतर टाक्यांनी भरलेली आहेत आणि खाली आडव्या टाक्यांचं पॅडिंग घातलंय, त्यामुळे पोट हाताला फुगीर लागतं. शेवटचं पिल्लू मागे वळून बघतंय आणि त्याचा डोळा म्हणजे एकच फ्रेंच नॉट, दोऱ्याची छोटी गोल गाठ. हा रनर मी तीन वेळा धुतला आणि तिन्ही वेळा सगळ्या बदकांभोवती कडं आलं, तिसऱ्या वेळी तर शेवटच्या पिल्लाच्या चोचीखाली थेंबासारखा डाग जमला, जो धुवायच्या आधी तिथे नव्हताच. हा नवीन डाग बघूनच माझ्या लक्षात आलं की डाग परत येत नाहीये, तो गेलेलाच नाहीये, फक्त जागा बदलतोय.

का होतं हे? सुती आणि लिनन दोन्ही सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींचे तंतू ज्याचे बनतात त्याचे. वर्षानुवर्षं हवा, उजेड, दमटपणा लागून सेल्युलोज हळूहळू तुटतं आणि त्यातून पिवळसर तपकिरी, आम्ल असे पदार्थ तयार होतात. त्यातले बरेचसे पाण्यात विरघळतात, जुनं कापड भिजवल्यावर पाणी पिवळं होतं ते त्यामुळेच. आता कापड वाळताना काय होतं बघा, साधं पातळ कापड आधी वाळतं आणि भरलेला भाग, जिथे दोऱ्याचे थरावर थर आहेत, तो शेवटपर्यंत ओला राहतो. विरघळलेला मळ पाण्याबरोबर सरकत सरकत ओल्या आणि कोरड्याच्या सीमेवर येतो, तिथलं पाणी उडून जातं आणि मळ तिथेच बसतो. ती सीमा कुठे असते? प्राण्याच्या कडेला. म्हणून कडं नेहमी चित्राच्या आकाराचंच येतं, आणि कापड दोरीवर टांगून वाळवलं तर मळ खाली उतरून खालच्या काठाला किंवा एखाद्या टोकाला थेंबासारखा जमतो. माझ्या पिल्लाच्या चोचीखाली जमला होता तो असाच.

म्हणजे दोन गोष्टी चुकतात. एक, आपण पुरेसं खळबळत नाही, दाट टाक्यांच्या पोटातला मळ आतच राहतो. दुसरी, आपण वाळवतो अशा पद्धतीने की राहिलेला मळ चांगल्या बाजूला येऊन बसतो. साबण बदलून यातलं काहीच सुधारत नाही, मी आधी तेच करत बसले होते.

भिजवायच्या आधी कापड उलटं करून खिडकीपाशी धरा. उलट बाजू सगळं सांगते. गाठी कुठे आहेत, दोरा एका पंजावरून दुसऱ्या पंजापर्यंत मागून ओढत नेलाय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ रंग कोणता होता, कारण मागच्या बाजूला उजेड कमी लागलेला असतो. घडीच्या रेषेवर धागे तुटायला आलेत का तेही बघा, उजेडात धरल्यावर तिथे बारीक बारीक चांदण्यासारखी भोकं दिसली तर ते कापड पाण्यात सुटं टाकू नका, नायलॉनच्या जाळीवर ठेवून जाळीसकट उचला आणि ठेवा. ओलं कापड प्रचंड जड होतं आणि स्वतःच्याच वजनाने फाटतं.

मग दोरा कसला आहे ते. सुती दोरा असेल तर निम्मी काळजी मिटली. पण साधारण १९२०-३० च्या सुमारास रेयॉनचे, म्हणजे कृत्रिम रेशमाचे चकचकीत दोरे भरतकामात बरेच वापरले जायचे, विशेषतः पक्ष्यांची पिसं आणि फुलपाखरांचे पंख भरायला, आणि रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. तो सुती दोऱ्यापेक्षा जास्त चमकतो, हाताला निसरडा लागतो आणि टाके सैल पडलेले असतात. अशा चित्रावर ओलं असताना बोट घासायचं नाही, बस्स. रेशीम किंवा लोकर असेल तर खाली जे ऑक्सिजनचं ब्लीच सांगणार आहे ते वापरायचंच नाही, कारण ते अल्कधर्मी असतं आणि या दोन्हींची त्याने कायमची खराबी होते.

आता रंग सुटतो का. यात घाई केली तर पुढचं सगळं वाया. प्रत्येक रंगाची वेगळी टेस्ट करायची, एकाच हिरव्याची केली म्हणून दुसरा हिरवा पक्का असेल असं अजिबात नाही. मागच्या बाजूने एखादं टोक निवडा, साध्या पाण्याचा थेंब टाका, त्यावर पांढरा टिपकागद दाबून मिनिटभर धरा. रंग उतरला नाही तर हेच साबणाच्या पाण्याने करा, कारण काही रंग साध्या पाण्यात गप्प बसतात आणि साबण लागला की सुटतात.

लाल रंगाबद्दल थोडं जास्त लिहायलाच हवं. पांढऱ्या कापडावर नुसत्या लाल दोऱ्याने रेषेरेषेने काढलेली कुत्री, कोंबड्या, पतंगामागे धावणारी मांजरं, ज्याला रेडवर्क म्हणतात, ती १८८० नंतरच्या काळात खूप लोकप्रिय झाली, आणि त्यामागचं मोठं कारण म्हणजे टर्की रेड नावाचा पक्का लाल रंग. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळातलं अलिझरीन, तेल आणि तुरटीसारखे अॅल्युमिनियमचे क्षार अशी लांबलचक प्रक्रिया असायची, पण एकदा बसला की तो लाल हलत नाही. पण म्हणून प्रत्येक जुना लाल पक्का असं समजू नका. १८८४ मध्ये काँगो रेड आला, सुती कापडाला थेट लागणारा पहिला कृत्रिम रंग, आणि त्याच्यासारखे स्वस्त लाल रंग पाण्यात सुटतात, उजेडात उडतात. काँगो रेडची अजून एक खोड म्हणजे आम्ल लागलं की तो निळा पडतो. म्हणून ‘व्हिनेगर टाका म्हणजे रंग पक्का होईल’ हा सल्ला मी कुणालाच देत नाही. व्हिनेगर किंवा मिठाने तयार सुती दोऱ्याचा सुटणारा रंग पक्का होत नाही, आणि लाल कुत्रा जांभळट झाला तर तो तुम्हाला कुणी परत लाल करून देणार नाही.

टेस्टमध्ये रंग सुटला तर कापड पाण्यात घालूच नका. तसंच ठेवा, पिवळेपणासकट सुंदर दिसतं. आणि टेस्ट करूनही ऐन पाण्यात रंग सुटला तर घाबरून बाहेर काढून वाळत घालायचं नाही, ही सगळ्यात मोठी चूक. वाळलं की सांडलेला रंग बसतो. उलट मोठ्या टबात भरपूर गार पाणी आणि थोडं सौम्य लिक्विड डिटर्जंट, त्यात कापड पूर्ण बुडलेलं ठेवा, पाणी रंगलं की बदला, परत रंगलं की परत बदला, कलर कॅचरचे, म्हणजे सुटलेला रंग ओढून घेणारे कागद मिळाले तर तेही सोडा. सहा-सात वेळा पाणी बदलावं लागलं तरी करा, सुटलेला रंग पाण्यातच राहिला पाहिजे.

सगळं पक्कं निघालं, मग धुवायचं असं.

पहिली भिजवण नुसत्या कोमट पाण्याची. साबण नाही, काही नाही. पसरट टब घ्या म्हणजे कापड घडी न करता पसरेल. अर्ध्या तासाने पाणी बघा, पिवळं झालेलं असेल, ओता, नवीन घ्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. माझ्या बदकांना यासाठी जवळजवळ एक दिवस लागला आणि पाचव्या पाण्यातही फिकट पिवळा रंग होताच. आधीच्या तिन्ही वेळा मी दोन पाण्यात खळबळून काढला होता, आता सांगा तो मळ जाणार कसा.

त्यानंतर सौम्य डिटर्जंट, अगदी थोडं, आणि हाताने फक्त वरून हलकं दाबायचं. चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. दाट भरलेल्या भागावर तळहात ठेवून स्पंजसारखं दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा, म्हणजे पॅडिंगच्या आतलं पाणी बाहेर पडतं आणि नवं आत जातं. प्राण्याचं पोट, शेपटी, आयाळ, जिथे जिथे टाके दाट तिथे हे जास्त वेळ करा.

अजून पिवळं असेल आणि दोरा सुती असेल तरच सोडियम परकार्बोनेट, वर म्हटलं ते ऑक्सिजनचं ब्लीच. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, पिवळेपणा घालवतं ते पेरॉक्साइड. लिटरभर पाण्याला साधारण १० ग्रॅम, पाणी ४० डिग्रीच्या आसपास, पावडर पूर्ण विरघळल्यावरच कापड घालायचं, नाहीतर कण जिथे बसेल तिथे पांढरा ठिपका पडतो. तासाभराने बघत राहा. क्लोरीनचं ब्लीच मात्र नको, ते सेल्युलोजच तोडतं, कापड आज पांढरं दिसतं आणि काही महिन्यांत विरायला लागतं.

एक मोठी अट आहे. कापडावर गंजाचा डाग असेल तर आधी तो काढा, मग परकार्बोनेट. लोखंडाच्या सान्निध्यात पेरॉक्साइड इतक्या जोरात तुटतं की नेमकं तिथलं कापड जळल्यासारखं होऊन भोक पडतं. गंज ओळखायचा कसा? रंग नारिंगीकडे झुकणारा, कडा ठळक, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि बरेचदा टाचणीचा किंवा सेफ्टी पिनचा आकार असतो. पांढऱ्या मोकळ्या कापडावर असेल तर १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड करून कापसाच्या बोळ्याने लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने धुवा, लागलं तर परत करा. दोऱ्याला लागून असेल तर राहू द्या, वर लालचं सांगितलंच, आणि मग परकार्बोनेटही नको. गंजाचं अजून एक न सुचणारं कारण म्हणजे नीळ. पूर्वीच्या काही निळींमध्ये प्रशियन ब्लू असायचा, त्यात लोह असतं, आणि साबण नीट न निघालेल्या कापडाला ती नीळ लागली की साबणातल्या अल्कलीने ती फुटून तपकिरी गंजाचे ठिपके पडायचे. जुन्या अभ्र्यांवर कुठलीही पिन नसताना बारीक ठिपके विखुरलेले दिसले तर हेही एक कारण असू शकतं.

शेवटचं खळबळणं हेच खरं काम आहे, यात कंटाळा करू नका. परकार्बोनेट किंवा साबणाचा अंश राहिला आणि त्यावर गरम इस्त्री फिरली की नवीन पिवळेपणा आपणच आणतो. मी आता आठ पाणी काढते. तुमच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीला नारिंगी थर बसत असेल, तर शेवटचं एक पाणी डिस्टिल्ड घ्या.

आणि आता वाळवणं, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

दोरीवर टांगायचं नाही. जाडसर पांढरा टॉवेल पसरा, रंगीत नको, त्यावर कापड भरतकामाची बाजू खाली करून पालथं घाला, वर दुसरा टॉवेल ठेवून हाताने दाबून पाणी टिपून घ्या. टॉवेल ओला झाला की बदला. पाणी निथळायचं थांबलं की कोरड्या टॉवेलवर परत पालथंच पसरा आणि प्राण्यांचे भाग बोटांनी हळूच जागेवर आणा, कान सरळ, शेपटी सरळ. मग उलट बाजूला, जी आता वर आहे, फक्त भरलेल्या भागांवर ओलसर टिपकागदाचे किंवा स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे दाबून ठेवा आणि ते कापडाबरोबरच वाळू द्या. आता पाणी या तुकड्यातून उडतं, त्यामुळे मळाची सीमा आपल्या कापडावर न पडता तुकड्यावर पडते. वाळल्यावर तुकडा उचलून बघा, त्यावर बदकाच्या आकाराचं तपकिरी कडं उमटलेलं असेल. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खरंच खूप बरं वाटलं, कारण जे कडं तीन वेळा रनरवर आलं होतं ते आता उचलून टाकता येत होतं.

तुकड्यावर कडं गडद आलं तर समजायचं अजून मळ आहे, परत भिजवा. फिकट आलं तर पुरे. पंखा लांबून हळू चालू ठेवला तरी चालेल, हेअर ड्रायर नको. पांढरं नुसतं कापड उन्हात चांगलं उजळतं, ओलं लिनन गवतावर उन्हात पसरायची पद्धत फार जुनी आहे, पण रंगीत भरतकामाला थेट ऊन नको.

इस्त्री लगेच करू नका. उष्णतेने जो काही अंश राहिलाय तो पक्का भाजला जातो, म्हणून मी एक आठवडा कापड तसंच ठेवते, काही वर आलं तर तेवढ्यात दिसतं. मग मऊ टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री, म्हणजे भरीव पोट चपटं होत नाही. एक सांगायचं राहिलं, गरम इस्त्रीने छापायच्या डिझाइनच्या निळ्या रेषा. १८७० च्या दशकापासून असे ट्रान्सफर कागद मिळतात, आणि टाके जिथे रेषेवर नीट बसले नाहीत तिथे ती निळी रेष मांजराच्या मिशीपाशी वगैरे डोकावत असते. ती बहुतेकदा निघत नाही आणि मी ती काढायला जातही नाही. कुणीतरी ती रेष धरून टाके घातले आणि एका मिशीला हात जरा हलला, हे दिसतं ते मला आवडतं.

आता वेगळी तक्रार, धुतल्यावर स्वच्छ होतं आणि काही महिन्यांनी कपाटातून काढलं तर ठिपके. यात कडं नसतं, कुठेही वेडेवाकडे ठिपके असतात. बहुतेक वेळा हे साखरेचे किंवा तेलाचे जुने सांडलेले डाग, जे ताजे असताना दिसतच नाहीत आणि हवा लागून हळूहळू तपकिरी होतात. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा, असे लपलेले डाग बरेचदा आजूबाजूपेक्षा वेगळे चमकतात. (याच टॉर्चने अजून एक कळतं, सगळं कापड निळसर पांढरं झगमगलं तर त्याला कधीतरी ऑप्टिकल ब्राइटनरवालं, म्हणजे कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून चमकणारं द्रव्य घातलेलं डिटर्जंट लागलंय, म्हणजे साधारण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते धुतलं गेलंय.) ते ठिपके आधी शोधून मग भिजवायचे. आणि कपाटात ठेवताना खळ नको, खळीवर कसर येते आणि खळ स्वतःही पिवळी पडते. खळ वापरायच्या दिवशी द्या. लाकडाच्या फळीवर किंवा साध्या पुठ्ठ्यावर कापड थेट ठेवू नका, दोन्हींतून आम्ल उतरतं, मध्ये धुतलेलं कोरं सुती कापड किंवा अॅसिड-फ्री टिश्यू घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद नको, ओल कोंडते. रनर गुंडाळीवर गुंडाळा, चित्राची बाजू बाहेर, आणि घडी घालावीच लागली तर ती प्राण्याच्या मधून जाऊ देऊ नका. माझ्याकडे एक हरीण आहे ज्याच्या मानेवर पन्नासेक वर्षं घडी होती, तिथला दोरा आता इतका झिजलाय की मान अर्धी खालच्या कापडाचीच दिसते.

आणि सगळं काढायचंच असं काही नाही. काळ्या स्कॉटी (स्कॉटिश टेरिअर) कुत्र्याची ट्रे कव्हरं असतात ना, १९३० आणि ४० च्या दशकांत ही जात फार आवडीची होती, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा कुत्रा फाला हा स्कॉटीच होता, त्यात काळा दोरा बरेचदा तपकिरी झालेला असतो. तो डाग नाही, दोऱ्याचाच रंग उतरलाय. इटलीतल्या असिसी गावच्या पद्धतीचं भरतकाम बघा, तिथे समोरासमोर बसलेले पक्षी आणि प्राणी कोरेच ठेवतात आणि आजूबाजूची जागा लाल किंवा निळ्या टाक्यांनी भरतात, म्हणजे प्राणी हेच उघडं कापड आणि पिवळेपणा नेमका प्राण्याच्या अंगावर दिसतो. असं काम धुताना टिपकागदाचा तुकडा पार्श्वभूमीच्या दाट भागावर ठेवायचा, प्राण्यावर नाही, नाहीतर सगळा मळ त्या कोऱ्या अंगाकडे ओढला जाईल.

माझा रनर चौथ्या धुण्यात स्वच्छ झाला. शेवटच्या पिल्लाच्या चोचीखालचा थेंब पूर्ण गेला नाही, उजेडात तिरकं धरलं तर अजून दिसतो, आणि त्यासाठी मी त्याला पाचव्यांदा पाण्यात घालणार नाहीये, डोळ्याची ती गाठ एका धाग्यावर टिकलीय.